जाळेवाल्या मावशी

"मावशी, हे जाळं काही पटत नाहीये. एकदम खोटं वाटतंय."

दिग्दर्शकाने ज्या जाळ्याकडे बोट दाखवलं, ते खरं होतं.

बैठकीच्या खोलीत, बंद पडलेल्या घड्याळाच्या वर, एका कोळ्याने ते कधीतरी विणलं होतं. पुढे तो कोळी मेला असेल, नाहीतर माश्या मिळेनात म्हणून बिऱ्हाड हलवून गेला असेल. जाळं मात्र मागे राहिलं होतं, धूळ खाऊन राखाडी झालेलं, चुरगळून टाकलेल्या फडक्यासारखं. त्याच्या शेजारचं, दाराच्या चौकटीपासून दिव्यापर्यंत झोकात झुलणारं जाळं मावशींनी सकाळी दोन तास खपून केलेलं होतं. रबराचं. त्याच्यावर दिग्दर्शक खूश होता.

"काढते," मावशी म्हणाल्या.

"वाईट वाटून घेऊ नका हं. बाकीचं काम झकास आहे."

"नाही, नाही. त्यात काय वाटायचंय."

चौतीस वर्षं त्या भुताखेतांच्या सिनेमांना जाळी पुरवत होत्या आणि खरं जाळं खोटं ठरायची ही काही पहिली वेळ नव्हती. पूर्वी त्या वाद घालत. गोल चाकासारखं जाळं घरातला कोळी विणत नाही हो, ते बागेतलं. दाराच्या मधोमध जाळं कसं लोंबेल, त्याला धरायला काहीतरी नको का? एका दिग्दर्शकाने त्यांना शांतपणे उत्तर दिलं होतं, "मावशी, प्रेक्षकाला कोळी कळत नाही. भीती कळते." त्यानंतर त्यांनी वादाला कायमची रजा दिली.

त्यांच्या कामाला धड नाव नव्हतं. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर जी नावं पळतात, त्यात त्या कधी 'कलाविभाग, साहाय्यक' म्हणून असत, बहुतेक वेळा नसतच. सेटवर सगळे त्यांना जाळेवाल्या मावशी म्हणत. हत्यार एकच. हातात धरायचा छोटा पंखा, त्याच्या तोंडाशी एक वाटी, वाटीत पातळ केलेलं रबर. पंखा सुरू केला की वाटीच्या फटीतून रबराचे तंतू हवेत उडत आणि टेकतील तिथे चिकटत. मग वरून राखाडी पूड फुंकायची. काल सकाळी पुसलेली खोली तासाभरात शंभर वर्षं ओस पडल्यासारखी दिसे. नट्या आत पाऊल टाकताना खरोखर दचकत, आणि तेवढी एक पावती मावशींना पुरत असे.

त्यांची आई म्हणायची, "जगातल्या बायका घरातली जळमटं काढतात, आमची मात्र ती लावायला बसने जाते." आईला हे काम कधी पटलं नाही. शेजारणी विचारत तेव्हा ती सांगायची की मुलगी शिवणविभागात आहे. तेही अगदीच खोटं नव्हतं. सुरुवात मावशींनी तिथूनच केली होती. जाळ्यांचं काम करणारे म्हातारे गृहस्थ खोकत खोकत घरी बसले आणि स्टुडिओत कुणीतरी म्हणालं, हिचा हात हलका आहे, हिला लावा. लावलं ते लावलंच. लग्नाचं दोनदा जुळत आलं आणि दोनदा मोडलं. एकदा मुलाकडच्यांनी विचारलं, "मुलगी नक्की करते काय?" आईला ऐन वेळी शिवणविभाग आठवला नाही.

हल्ली बोलावणी कमी झाली होती. जाळी कॉम्प्युटरवर होत. कोळी, विंचू, पाली, वटवाघळं, सगळी भुतांची भावकी आता कॉम्प्युटरवरच जन्मायची आणि तिथेच मरायची. या सिनेमासाठी फोन आला तो तब्बल चौदा महिन्यांनी. दिग्दर्शक तरुण होता, हौशी होता, त्याला म्हणे सगळं हाताने केलेलं हवं होतं. मावशींनी वाटी घासून ठेवली, पंख्याला तेल दिलं, आणि आदल्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

घर गावाबाहेर, टेकडीच्या कडेला होतं. तीन खोल्या, मागे थोडं आवार. एक एकटे म्हातारे गृहस्थ तिथे राहत होते. सहा महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांची मुलगी दूर दुसऱ्या शहरात असे. घर विकायचं होतंच, त्याआधी चार दिवस शूटिंगला द्यायचं एवढं तिने दलालामार्फत फोनवरच ठरवलं होतं. किल्ली समोरच्या घरातल्या काकांनी दिली.

"आणि ही आतली खोली," दिग्दर्शक मावशींना झोपायच्या खोलीच्या दाराशी घेऊन गेला, "इथे तर तुमचं काम देवानेच करून ठेवलंय. उद्या पहिला सीन इथेच. नायिका दार उघडते, वर बघते, किंचाळते. तुम्ही फक्त थोडी भर घाला. खाली आणा जाळी, पार पलंगापर्यंत. आम्ही जंगलातली जागा बघून चारपर्यंत येतो."

सगळी मंडळी गाड्यांत बसून गेली. घर एकदम शांत झालं. मावशींनी चहाचा थर्मास खिडकीत ठेवला, वाटीत रबर ओतलं आणि आतल्या खोलीत जाऊन मान वर केली.

त्यांनी पंखा सुरू केला नाही.

छत जाळ्यांनी भरलेलं होतं, हे दिग्दर्शकाने पाहिलं होतं. मावशींना त्याच्यापेक्षा जास्त दिसलं. जाळं किती जुनं आहे हे त्यांना रंगावरून आणि थरांवरून कळे. जाळ्यावर धूळ बसते, त्या धुळीच्या ओझ्याने ते खाली झोळ खातं, मग नवा कोळी त्याच्याच आधाराने दुसरं विणतो. छताच्या कोपऱ्यातली जाळी सर्वांत जुनी होती, चार-पाच वर्षांची तरी. म्हणजे तेव्हा ते गृहस्थ स्टुलावर चढायचे थांबले असणार. भिंतीवर त्याच्या खाली, लांब दांड्याच्या झाडूने पोचेल तिथवर, एक पट्टा जरा विरळ होता. तिथली जाळी दोनेक वर्षांची. म्हणजे त्या सुमाराला हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. आणि त्याच्याही खाली, उभ्या माणसाच्या छातीपासून जमिनीपर्यंत, एकही जाळं नव्हतं. सहा महिन्यांची धूळ होती, पण ती झटकल्यावर खाली सगळं लख्ख. पलंगावर चादर ताणून बसवलेली, कोपरे दुमडलेले. उशाशी चष्मा, घडी करून. पेला उपडा घातलेला. पुस्तकांच्या कपाटात खालचे तीन कप्पे ओळीने लावलेले. वरच्या कप्प्यातली पुस्तकं मात्र जाळ्याने अशी वेढली होती की ती कुणी काढली नसणार हे उघड होतं. दाराच्या मागे झाडू होता. त्याच्या दांड्याला आणखी एक काठी सुतळीने बांधून लांब केली होती. सुतळी तीनदा नव्याने बांधलेली दिसत होती.

मावशी पलंगाच्या कडेला बसायला गेल्या आणि चादर विस्कटेल म्हणून उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

पंचेचाळीस-सेहेचाळीसची एक बाई आवारात उभी होती. हातात प्रवासाची बॅग, पायांत शहरात घालायचे बूट. दारातलं झुलतं जाळं बघून ती उंबऱ्याच्या अलीकडेच थबकली.

"शूटिंगवाले इथेच आहेत ना?"

"गेलेत. चारला येतील. मी त्यांच्याचपैकी. तुम्ही?"

"हे माझ्या बाबांचं घर."

मावशींनी हातातली वाटी खाली ठेवली. "या ना. म्हणजे... तुमचंच घर आहे. जरा वाकून या, ते ओलं आहे."

ती वाकली, तरी एक धागा तिच्या बाहीला लागलाच. तिने तो ओढला. धागा तुटेना. हातभर ताणला गेला आणि सुटला तसा चटकन परत गेला.

"रबर आहे," मावशी म्हणाल्या. "मी करते ही जाळी."

"सगळी?"

त्या प्रश्नात काहीतरी होतं. मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती बैठकीतल्या कोपऱ्यांकडे, घड्याळाच्या वर, छताकडे बघत होती, आणि आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

ती दारापर्यंत गेली. तिथून पुढे तिचा पाय उचलेना.

"बाबा हॉस्पिटलमध्ये गेले," ती पाठमोरीच बोलू लागली. "पडले होते. मी थेट हॉस्पिटलमध्येच आले, सगळं तिथेच उरकलं, आणि तिथूनच परत गेले. घरी यायचं काही धाडस झालं नाही. त्याआधी किती वर्षं आले नव्हते ते विचारू नका. कधी ऑफिस, कधी मुलांच्या परीक्षा. दर रविवारी फोन करायचे मी, न चुकता. ते म्हणायचे, सगळं मजेत आहे, तू येऊ नकोस धावपळ करून. समोरचे काका एकदा म्हणाले होते, बाबांना हल्ली घरचं होत नाही. मी म्हटलं, बघते, कुणीतरी कामाला लावून देते." ती थांबली. "लावून दिलं नाही. राहून गेलं."

तिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"बंद घरात सहा महिन्यांत एवढं होतं का हो? तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारते. का हे आधीपासूनच असं होतं?"

मावशींची आई गेली तेव्हा मावशी सहाशे मैलांवर एका राजवाड्याच्या सेटवर होत्या, झुंबराला जाळी लावत. आईला ताप होता, पण तसा तो नेहमीच असायचा. परत आल्यावर शेजारीण भेटली. ती सज्जन बाई होती, आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. तिने जिन्यातच सांगितलं, "दोन दिवस तुझं नाव घेत होती गं. मला तू समजून हात धरायची, आणि मी तू नाहीये हे कळलं की सोडून द्यायची." त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मावशी अजून त्या जिन्यावरून चढताना त्या पायरीवर थांबत नसत.

सहा महिन्यांत होतं असं सांगणं सोपं होतं. पण तेवढ्यावर ही बाई सुटणार नाही, हे त्यांना दिसत होतं. ती आयुष्यभर महिने मोजत बसेल, पाच की सहा, होतं की नाही.

"अहो, हे सगळं माझं काम आहे," मावशी म्हणाल्या.

"हेसुद्धा? वरचं?"

"वरचंच तर. कालपासून लागलेय. दिग्दर्शकाला इथेच सीन करायचाय ना, म्हणून या खोलीवर जास्त मेहनत." चौतीस वर्षांत दुसऱ्याचं काम त्यांनी कधी आपलं म्हणून सांगितलं नव्हतं. आता जीभ अडखळेल असं वाटलं होतं, पण ती सराईतासारखी चालली. "मी आले तेव्हा छत स्वच्छ होतं. थोडी धूळ होती, बंद घराची असते तेवढी. माझ्या तर मनात आलं, एवढ्या स्वच्छ घरात भूत कसं बसवायचं?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला नाही, पण कुठेतरी गाठ सैल झाली असावी. तिने आत पाऊल टाकलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे हात नेला.

"हात लावू नका!" मावशी जवळजवळ ओरडल्याच. मग सावरून म्हणाल्या, "ओलं आहे अजून. लागलं तर कपड्यांवरून निघणार नाही."

तिने हात मागे घेतला.

मावशींनी थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला. दोघी बैठकीच्या खिडकीत बसल्या. ती बोलत राहिली, जणू बरेच दिवस कुणी विचारलंच नव्हतं. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखान्यात रहस्यकथा आणि भुताच्या गोष्टींची स्वस्त पुस्तकं निघायची. बाबा ती घरी आणायचे आणि लाल शाईची दौत घेऊन बसायचे.

"प्रत्येक गोष्टीत एक ओसाड घर, आणि प्रत्येक ओसाड घरात कोळिष्टकं. बाबा वैतागायचे. म्हणायचे, या लेखकांना कोळी कधी भेटलेला नाही. कोळी भुताच्या मागे येत नसतो, माशीच्या मागे येतो. जिथे माशी आहे तिथे उष्टं आहे, म्हणजे माणूस आहे. खऱ्या ओसाड घरात कोळीसुद्धा उपाशी मरेल."

मावशींना हसू फुटलं. "मी हेच सांगतेय सगळ्यांना. इतकी वर्षं. ऐकतंय कोण?"

"मला मात्र फार भीती वाटायची. कोळी दिसला की मी घर डोक्यावर घ्यायचे. बाबा पेला उपडा घालायचे, खालून पोस्टकार्ड सरकवायचे, आणि बागेत नेऊन सोडायचे. म्हणायचे, जा बाबा, इथे आमच्या राणीसरकारांना तू खपत नाहीस. एकदा तर रात्री तीनदा तोच कोळी सोडून आले. म्हणाले, याला आपलं घर आवडलेलं दिसतंय." ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मावशी, तुम्ही आलात तेव्हा घर कसं होतं? सांगा ना. मला आता खरं दिसणारच नाही."

इतके दिवस लोक मावशींना विचारत, घर मोडकं कसं दाखवायचं, उजाड कसं करायचं. नांदतं घर कसं होतं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे फार खोटं बोलावं लागत नाहीये. पलंगावर चादर ताणून बसवली होती, असं त्यांनी सांगितलं. चष्मा उशाशी होता, घडी करून. पेला उपडा होता. स्वयंपाकघरात दोन ताटल्या, दोन्ही घासून उभ्या लावलेल्या. मोज्यांच्या जोड्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. दिनदर्शिकेवर सगळ्या रविवारांना लाल खूण होती.

"रविवारांना?"

"हो. ठिपका. प्रत्येक रविवारी."

हेही खरं होतं. ती दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या दारावर, हात पोचेल इतक्या उंचीवर अजून टांगलेली होती. ती उठून बघून आली.

"एक मागू?" तिने विचारलं. "त्यांना बाहेरची खोली वापरू दे. पण ती आतली नको. बाबांच्या पलंगावर जाळी लोंबताहेत, आणि कुणीतरी ते बघून किंचाळतंय, हे मला थिएटरात बघवणार नाही. जिथे कोळ्यालासुद्धा कधी मारलं नाही त्या खोलीत. तुम्ही लावलीत, तुम्हाला काढता येतील?"

मावशींनी आतल्या दाराकडे पाहिलं. उद्याचा पहिला सीन. चौदा महिन्यांनी आलेला फोन.

"येतील," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इथे थांबू नका. रबर काढताना फार घाण उडते. समोरच्या काकांकडे जाऊन या. त्यांनाही बरं वाटेल."

ती गेली तशी मावशींनी खिडक्यांचे पडदे ओढले, डोक्याला रुमाल गुंडाळला, स्टूल घेतलं आणि छतापासून सुरुवात केली. रबराची जाळी एका ओढीत निघतात. ही निघत नव्हती, भुगा होऊन अंगावर पडत होती. तीन तास त्या चढत-उतरत राहिल्या. वरच्या कप्प्यातली पुस्तकं एकेक काढून पुसली आणि होती तशीच लावली. कोपऱ्यात लांब पायांचे दोन कोळी जिवंत सापडले. धक्का लागताच ते अंग गदगदा हलवू लागले. शत्रूला आपण नीट दिसू नये म्हणून ते असं करतात. मावशींनी ते पेल्यात घेतले, खाली कागद धरला आणि मागच्या आवारात नेऊन सोडले. मग चादर न विस्कटता झटकली. चष्मा होता तिथेच ठेवला.

रुमाल मध्येच कुठेतरी सुटून पडला होता, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

चारला गाड्यांचा आवाज आला तेव्हा मावशी धावतच फाटकाशी गेल्या. ती समोरून परत यायच्या आत हे मिटायला हवं होतं. दिग्दर्शक सगळ्यांत आधी उतरला.

"झालं? दाखवा."

"आतली खोली झाली नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातून चूक झाली. भर घालायला गेले आणि सगळंच कोसळलं. साफ करून टाकली खोली."

"साफ?" तो बघतच राहिला. "मावशी, ती खरी जाळी होती! पाच-पाच वर्षांची! ती काय परत उगवणार आहेत?"

"हळू बोला."

"हळू? उद्याचा अख्खा दिवस गेला माझा!"

"बैठकीत सीन घ्या. मी रात्रभर बसून बैठक अशी करून देते की तुम्हाला आतली आठवणार नाही. जास्तीचं काही नको मला. पण त्या खोलीत आता मी जाळं लावणार नाही."

"का?"

चौतीस वर्षांत दिग्दर्शकाला त्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं आणि त्याच्या पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं. वाईट मुलगा नव्हता तो. त्याने दोन्ही हातांनी केस मागे सारले, सुस्कारा सोडला आणि फोन काढला.

"राहू द्या. नायिकेला साध्या खोलीतच उभी करतो. जाळी नंतर कॉम्प्युटरवर घालू." आणि जाता जाता, अगदी सभ्यपणे म्हणाला, "आजचं काम संपलं तुमचं, मावशी. उद्या नाही आलात तरी चालेल."

"त्या खोलीत कॉम्प्युटरवरसुद्धा नको," मावशी मागून म्हणाल्या. "घराच्या मालकीणबाई आल्यात. त्यांचंही तेच म्हणणं आहे. बाहेरची खोली घ्या हवी तर."

तो वळून त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान हलवली, होकार की वैताग ते कळलं नाही, आणि माणसांना सामान बैठकीत उतरवायला सांगितलं.

मावशींनी वाटी रिकामी करून पुसली. पंखा फडक्यात गुंडाळला. बसला अजून तासभर होता. त्या मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. खांदे भरून आले होते.

ती काकांकडून परत आली, आतली खोली बघून आली, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुमच्या केसांत अडकलंय. थांबा."

तिने पहिला धागा उचलला. तो ताणला गेला नाही. बोटांत येताच त्याची राख झाली. तिने दुसरा काढला, त्याचंही तेच. त्यात माशीचा वाळलेला पंख होता आणि कोळ्याने टाकलेली एक पोकळ कात, पायांसकट, फुंकर घातली तर उडेल अशी. तिने ती तळहातावर घेऊन पाहिली. सकाळी बाहीला लागलेला रबराचा धागा ती विसरली नव्हती. मावशींनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की तिला कळलं आहे.

मावशींनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"पलंग नीट घातला होता म्हणालात ना?"

"हो."

"ते तरी...?"

"ते खरं," मावशी म्हणाल्या. "पलंग, चष्मा, ताटल्या, ते रविवार, सगळं खरं. हात पोचत होता तिथपर्यंत त्यांनी सगळं स्वच्छ ठेवलं होतं. अगदी शेवटपर्यंत. वर हात जात नव्हता, एवढंच."

कात तिने पायरीशेजारच्या मातीत हळूच ठेवली, डोळे पुसले, आणि मावशींचं डोकं थोडं पुढे वाकवून पुन्हा केसांत बोटं घातली. एकेक बट वेगळी करत ती भुगा काढू लागली. आई गेल्यापासून मावशींच्या केसांना कुणी हात लावला नव्हता. मान खाली घालून त्या तशाच बसून राहिल्या. घराच्या पुढच्या बाजूला माणसं दिव्यांचे खांब उतरवत होती, कुणीतरी कुणाला तरी वायर सोडायला सांगत होतं.

थोड्या वेळाने केस स्वच्छ झाले. तिचा हात थांबला नाही, आणि मावशींनीही पुरे म्हटलं नाही.